पुसायचं कोण?

शनिवारी संध्याकाळी आप्पांना लॅपटॉप दाखवला. पॉवरचं बटण दाबलं, काळी स्क्रीन, मग मधोमध अंबाबाईचं चित्र, त्याच्याखाली आप्पांच्याच हाताची अक्षरं, 'श्री अंबाबाई प्रसन्न', पिवळ्या रंगात, आणि तीन सेकंदांनी ते सगळं जाऊन विंडोज. चार आठवडे रात्री साडेदहानंतर बसून केलेलं काम होतं ते, त्यामुळं माझं लक्ष स्क्रीनकडं कमी आणि आप्पांच्या तोंडाकडं जास्त. ते सोप्यात बसून भाजलेल्या शेंगा फोडत होते, मांडीवर पेपर, पेपरवर टरफलं. बघितलं. परत एकदा लाव म्हणाले. परत लावलं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "किती वेळ दिसतंय हे?" म्हटलं, तीन सेकंद. "आणि मग पुसायचं कोण?"

मी हसलो. म्हटलं आप्पा, पुसायला काय लागतंय, विंडोज येतंय की त्याच्यावर. ते नुसतं "हं" म्हणाले आणि शेंगा फोडायला लागले.

पण ते "हं" काय डोक्यातनं जाईना. रात्री जेवताना बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, लागलं असणार त्यांना, उभा जन्म ब्रश धरलेला माणूस, त्याच्या अक्षराला तू तीन सेकंद दिलेस. मलाही तेच वाटत होतं. म्हातारा माणूस, हातातली कला, पुसलं जाणं वगैरे, असं सगळं मी मनातल्या मनात रचून टाकलं आणि दोन दिवस उगाच त्यांच्याशी जास्त गोड बोलत राहिलो. त्यांनी विचारलंसुद्धा, काय रे, पैसे पाहिजेत काय.

मुळात हे खूळ माझं नव्हतं. मार्केट यार्डात आमच्या ओळखीच्या एका शेठची गुळाची अडत आहे. त्यांच्या दुकानाचा जुना बोर्ड आप्पांनी रंगवलेला, त्यामुळं घरोबा, आणि त्याच घरोब्यापोटी त्यांच्या पीसीचं काहीही बिघडलं की फोन मला. मी पुण्याच्या कंपनीत वेबसाइटचे फॉर्म बनवतो, तारीख निवडायचा चौकोन कुठं उघडावा ह्याच्यावर आठवड्याला दोन मीटिंगा होतात, प्रिंटर दुरुस्तीशी माझा काय संबंध नाही, पण हे शेठना कोण सांगणार. तर प्रिंटर बघायला गेलो होतो, सकाळची वेळ, रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा, तो गोड-करपट वास, दारात हमाल, उदबत्ती लावून शेठ गादीवर येऊन बसले आणि मुनीमानं पीसी चालू केला. स्क्रीनवर कंपनीचा लोगो आला. शेठ म्हणाले, "दिवाबत्ती केल्यावर पयलं त्वांड ह्या कंपनीचं कशाला बघायचं रं? ततं आंबाबाई यील काय?" मी म्हटलं बघतो. 'बघतो' म्हणजे नाही, हे कोल्हापुरात सगळ्यांना कळतं. पण गाडीवर बसल्यावर, रंकाळ्याच्या वळणापर्यंत येईस्तोवर, मला ते खरंच बघावंसं वाटायला लागलं होतं.

कारण ती जागा. बटण दाबल्यापासून विंडोज यायच्या आधीपर्यंतची जागा. तिथं फाइल-बिईल, खिडक्या, माउसचा बाण, फॉन्ट, काहीच नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला एक प्रोग्रॅम जागा झालेला असतो, तो मेमरी तपासतो, डिस्क शोधतो, आणि सगळी कारभाराची सूत्रं विंडोजच्या हातात देऊन बाजूला होतो. त्याला पूर्वी सगळे बायोस म्हणायचे, आता तो यूईएफआय आहे पण तोंडात बायोसच येतं, जसं पॅलेस थिएटरचं केशवराव भोसले नाट्यगृह होऊन किती वर्षं झाली तरी जुनी माणसं पॅलेसच म्हणायची. ह्या चिपमधल्या प्रोग्रॅमला, म्हणजे फर्मवेअरला, विनंती केली तर तो तुम्हाला स्क्रीन देतो. म्हणजे कशी देतो, तर मेमरीतला एक पत्ता देतो आणि म्हणतो, इथनं पुढं चार-चार बाइट म्हणजे एक-एक पिक्सेल, स्क्रीनवरचा एक-एक ठिपका, लिही काय लिहायचंय ते. ह्या सोयीचं नाव ग्राफिक्स आउटपुट प्रोटोकॉल. १९२० बाय १०८० ची स्क्रीन असली तर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, म्हणजे साधारण ८ एमबीचा एक लांबलचक पट्टा. त्या पट्ट्यात आकडा टाकला की समोर ठिपका उजळतो. मधे कोणी नाही. कोणाची परवानगी नाही, तयार कोडाची लायब्ररी नाही, मीटिंग नाही.

मला असा ठिपका शेवटचा कधी भेटला होता तर डिप्लोमाला असताना. राजारामपुरीतला क्लास, वर पंखा, खाली आठ पीसी आणि चोवीस पोरं, टर्बो सीची ती निळी स्क्रीन. आमच्या वयाच्या कुठल्याही माणसाला झोपेतनं उठवून विचारा, बीजीआयचा, म्हणजे टर्बो सीच्या ग्राफिक्सच्या फाइलींचा, पाथ तोंडपाठ असतो. तो पाथ चुकला की ग्राफिक्स यायचं नाही आणि दहातल्या नऊ वेळा तो चुकलेलाच असायचा. मग एका सिनियरनं दाखवलं की बीजीआयची गरजच काय, बायोसला हाक मारायचा दहा नंबरचा इंटरप्ट मार, तेरा नंबरचा मोड लाव, ३२० बाय २०० ची स्क्रीन, २५६ रंग, एक पिक्सेल म्हणजे बरोब्बर एक बाइट, सगळी स्क्रीन ६४ हजार बाइटांत. त्या दिवशी मी काळ्या स्क्रीनवर एक लाल ठिपका काढला आणि तो दिसायला इतका बारका होता की बोट लावून दाखवायला लागला, तर बोटाखाली झाकला गेला. घरी येऊन आप्पांना सांगितलं की मी आज कॉम्प्युटरवर चित्र काढलं. कसलं? ठिपका. ते म्हणाले, चांगलंय, बोर्डाची सुरुवात ठिपक्यानंच होती.

पिक्सेल हा शब्द ऐकायच्या कितीतरी आधी मी चौकटी बघितल्या होत्या खरं तर. आप्पा थिएटरची बॅनरं करायचे तेव्हाची गोष्ट. हिरोचा फोटो पोस्टकार्डाएवढा, त्याच्यावर पेन्सिलनं चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी समोर बारा फुटी कापडावर, आणि मग एकेक चौकट उतरवत जायची. फोटोतल्या ह्या चौकटीत भुवईचा अर्धा तुकडा आहे ना, मग कापडावरच्या ह्या चौकटीत भुवईचा अर्धा तुकडा, बाकी काही बघायचं नाही. कापडावर रेघा मारायला नीळ लावलेलं सूत. दोन टोकांना दोघांनी धरायचं, मधे चिमटीत ओढून सोडायचं, फट्ट आवाज यायचा आणि कापडावर निळी सरळ रेघ. ते सूत धरायला मी असायचो, शाळेतनं आल्यावर. सूत ढिलं धरलं की शिव्या बसायच्या.

आणि ह्या कामात माझं पहिलं सूतच चुकलं.

म्हणजे झालं असं की आधी मी सगळं खोट्या मशीनवर करून बघत होतो, क्यूएमू नावाचा प्रोग्रॅम असतो, पीसीच्या आत पीसी, त्यात फर्मवेअर लावून. तिथं चित्र झकास. मग पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट करून, त्यात ठरलेल्या नावाच्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल टाकून माझ्या जुन्या लॅपटॉपला लावला तर स्क्रीनभर नुसते तिरके पट्टे. उसाच्या फडातनं वारं गेल्यासारखे सगळे एका बाजूला कललेले. दोन रात्री गेल्या त्यात. लॅपटॉपची स्क्रीन १३६६ पिक्सेल रुंद, म्हणून मी प्रत्येक ओळ १३६६ पिक्सेलची धरून पुढच्या ओळीवर जात होतो, पण मेमरीत मात्र ओळ १३७६ ची होती. शेवटचे १० पिक्सेल दिसतच नाहीत, नुसते पदराला ठेवलेले असतात. त्यामुळं माझी प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा १० पिक्सेल डावीकडं घसरत होती, शंभराव्या ओळीला हजार पिक्सेल. फर्मवेअर ओळीची खरी लांबी वेगळी सांगतो, मी विचारलीच नव्हती. आप्पा मागनं पाणी प्यायला जाताना त्या पट्ट्यांकडं बघून म्हणाले होते, "सूत चुकलंय तुझं." तेव्हा मी चिडलो होतो, काही माहीत नसताना काय बोलायचं म्हणून.

ते दुरुस्त झालं तर देवी उलटी. चित्र बीएमपी फाइलमध्ये होतं, आणि बीएमपीत चित्राची सगळ्यात खालची ओळ सगळ्यात आधी ठेवलेली असते, मग त्याच्या वरची, असं पायाकडनं डोक्याकडं. मी आपला वरनं काढत आलो. रात्री बाराला स्क्रीनवर अंबाबाई खाली मुंडकं वर पाय अशी आली आणि मी खरंच सांगतो, दचकून लॅपटॉप मिटला. देवाधर्माचं मला फार नाही, पण कोल्हापुरात जन्मलोय. मग उघडून लूप, म्हणजे एकेक ओळ काढत जाणारा कोड, फिरवला, शेवटच्या ओळीपासनं सुरू, खालनं वर. ते करताना किरणोत्सव आठवला. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, आधी पायांवर, मग वर सरकत सरकत, आणि सगळं जमून आलं तर तोंडापर्यंत. लहानपणी आईच्या कडेवर बसून बघितलाय, म्हणजे बघितलं काय तर पुढच्या माणसांच्या टकला, पण किरण कुठवर पोचलं ते गर्दीच्या कुजबुजीवरनं कळायचं. कमरेपर्यंत आलं. गळ्यापर्यंत आलं. ढग आला रे. माझ्या लूपमध्येही मी मुद्दाम प्रत्येक ओळीनंतर थोडं थांबवून बघितलं, पायांपासनं चित्र वर चढत गेलं, मस्त दिसलं, पण शेठच्या पीसीत एवढा वेळ कोण थांबणार म्हणून काढून टाकलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

अक्षरांची तर वेगळीच कथा. फर्मवेअरकडं स्वतःची अक्षरं असतात, ८ पिक्सेल रुंद आणि १९ पिक्सेल उंच अशा ठोकळ्यातली, पण ती इंग्रजी. मराठी तिथं लिहायचं म्हटलं तर नुसती अक्षरं भरून भागत नाही, 'श्री' मध्ये श, र आणि वेलांटी एकत्र येऊन जो आकार होतो तो जमवणारी यंत्रणाच तिथं नाही, प्रसन्नमधला जोडाक्षराचा न्न तर लांबच राहिला. म्हणून मग चित्रच काढायचं ठरवलं आणि आप्पांना म्हटलं, तुम्ही लिहून द्या. त्यांनी आधी नको नको केलं. मग कपाटावरनं डबा काढला, ब्रश गरम पाण्यात बुडवून बसले, आणि जुन्या कॅलेंडरच्या मागं तीनदा लिहिलं. तिसरं दिलं. पहिली दोन मला चांगली वाटत होती. ते म्हणाले पहिल्यात हात आखडलाय, दुसऱ्यात हात दाखवलाय. मोबाइलनं फोटो काढून, साफ करून, छोटं करून बसवलं तर कडांना पायऱ्या. वेलांटीचा वळसा जिन्यासारखा. ठिपक्यांनी तिरकी रेघ काढायची तर पायऱ्या येणारच, त्यातल्या त्यात बरी पायरी कुठली हे झटपट ठरवायची रीत ब्रेझनहॅम ह्या आयबीएमच्या माणसानं १९६२ मध्ये शोधली आणि अजून सगळे तीच वापरतात. पण पायरी ती पायरीच. ती लपवायची तर कडेच्या ठिपक्यात अर्धा पिवळा अर्धा काळा असा मधला रंग भरायचा. आप्पांना हे सांगायला लागलो तर त्यांनी मधेच तोडलं, कडेला ओला ब्रश फिरवायचा म्हण की.

रंगाचं बोलायचं तर मी पिवळा दिला आणि आलं आकाशी. भंडाऱ्यासारखा पिवळा म्हणून लाल पूर्ण, हिरवा पाऊण, निळा शून्य असे आकडे त्या क्रमानं भरले, आणि ह्या पट्ट्यात क्रम उलटा होता, आधी निळा मग हिरवा मग लाल, चौथा बाइट नुसताच राखून ठेवलेला. सगळी अक्षरं रंकाळ्याच्या पाण्यासारखी. हा क्रमसुद्धा विचारूनच घ्यायचा असतो, सगळीकडं एकच असेल असं नाही. ह्या सगळ्या प्रकरणात माझी प्रत्येक चूक ही न विचारल्याची चूक होती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

एक गोष्ट मात्र उलटी, जिथं विचारायचंच नाही. आधीच्या रंगावर नवा रंग मिसळायचा तर वाटतं, स्क्रीनवर आत्ता काय रंग आहे ते वाचावं, त्यात मिसळावं, परत लिहावं. पण त्या पट्ट्यात लिहिणं जेवढं झटपट, तेवढं वाचणं भयंकर मंद, डोळ्याला दिसण्याइतकं. म्हणून सगळं चित्र आधी साध्या मेमरीत जुळवायचं आणि तयार झालं की एका दमात स्क्रीनवर टाकायचं. हे मात्र आप्पांना सांगितल्यावर त्यांना पटलं. "भित्तीला इचारायचं न्हाई, डब्यात मिसळायचं."

आणि हे सगळं करायला हाताशी किती माणसं, तर एक. प्रोसेसरात आठ कोअर असले तरी त्या वेळी जागा एकच, बाकीचे सात झोपलेले. हजारो रुपयांचं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असलं तरी ते तिथं नुसत्या पाटीचं काम करतं, त्याचे सगळे पराक्रम विंडोजचा ड्रायव्हर आल्यावर. मला आवडतं हे. एवढ्या सगळ्या लवाजम्याच्या आधीची पाचेक सेकंदं, जेव्हा मशीन अगदी साधं असतं, नुकत्या झाडलेल्या अंगणासारखं.

आप्पांनी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हाही एक फजिती झालीच. तेव्हा तीन सेकंदाचं काही ठेवलं नव्हतं, चित्र लावून ठेवलं होतं, सावकाश बघू दे म्हणून. त्यांचा चष्मा सापडेना. देवघरात बघ, टीव्हीवर बघ, आई म्हणते अंघोळीला जाताना हातात होता, ह्या सगळ्यात पाच मिनिटं गेली, चष्मा सापडला, आप्पा येऊन बसले, आणि लॅपटॉप आपला आपण बंद होऊन चालू झाला. "गेलं की रं!" तर फर्मवेअरनं एक राखणदार बसवलेला असतो, एखादा प्रोग्रॅम चालू करून दिला आणि पाच मिनिटांत त्यानं पुढं काही कारभार हलवला नाही तर तो मेला असं समजून मशीन रिसेट करतो. त्याला आधीच सांगावं लागतं की बाबा थांब, मी आहे. मग ते सांगितलं, आणि शेवटी वेळही ठरवली, तीन सेकंद. कोडात मात्र तो आकडा मायक्रोसेकंदात द्यायला लागतो, म्हणून तिथं लिहिलंय ३० लाख. लिहिताना बरं वाटलं होतं.

मधे एकदा वाटलं की आप्पांचं दुःख वगैरे जे मी धरून बसलोय त्याला दुसराही धागा असेल. आप्पा ज्यांच्या हाताखाली शिकले ते नाटकाचे पडदे रंगवायचे. कोल्हापूरला ही परंपराच आहे, आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघं नात्यातले भाऊ नाटकांचे पडदे रंगवतच पुढं आले आणि मग त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ ला गेले आणि बाबूरावांनी तो पुरा केला. बागेचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. नाटक सुरू व्हायच्या आधी लोक खुर्च्या शोधत, पानं लावत, पोरांना गप्प करत ज्याच्याकडं बघतात तो दर्शनी पडदा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, ८ तारखेला रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अर्धं कोल्हापूर खासबागेजवळ उभं होतं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. माणसं रडत होती तिथं. आप्पाही माझ्या गाडीवर मागं बसून आले, उतरले, बराच वेळ बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "पडदं कुठं ठेवल्यालं असत्यात आता?" मला काहीच सुचलं नाही बोलायला. तेव्हाही मी त्या प्रश्नाचं काहीतरी मोठं करून ठेवलं मनात.

असो. शेठच्या पीसीवर ते बसवलं. सिक्युअर बूट बंद करायला लागलं, कारण त्या मशीनला सहीशिक्क्याशिवायचं काही चालत नाही आणि माझ्या कोडाला सही कोण देणार. मनात थोडी धाकधूक होती, कारण २०२३ च्या डिसेंबरात नेमकं हेच बाहेर आलेलं की कित्येक फर्मवेअरमधला, लोगोचं चित्र वाचणारा कोडच कच्चा आहे आणि मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवून त्यातनं आत शिरता येतं. चित्रातनं दरोडा! म्हणून मी फर्मवेअरच्या लोगोला हातच लावला नाही, माझा वेगळा छोटा प्रोग्रॅम, तो देवी दाखवतो आणि मग विंडोजला उठवतो. शेठनी नारळ फोडला. स्क्रीनवर देवी आली, सगळे हमाल आत येऊन हात जोडून गेले, मुनीमानं मोबाइलवर शूटिंग केलं, आणि लगेच मागनं विंडोजचं चक्र फिरायला लागलं आणि चक्राच्या वर परत तोच कंपनीचा लोगो. शेठ माझ्याकडं बघायला लागले. त्यांना समजावणं अवघड होतं की फर्मवेअर त्या लोगोची एक नोंद मेमरीत ठेवून जातो, चित्र कुठं आहे आणि स्क्रीनवर कुठल्या जागी आहे, आणि विंडोज ती नोंद बघून तेच चित्र परत लावतं, बघणाऱ्याला खंड पडल्यासारखं वाटू नये म्हणून. मी म्हटलं, शेठ, आधी देवी आली का नाही? म्हणाले आली. मग झालं तर.

चार दिवसांनी सकाळी साडेआठला फोन. शेठचा आवाज चढलेला. "अरं, आंबाबाईच्या त्वांडावर इंग्लिश उमटलंय!"

फोटो पाठवला त्यांनी. खरंच, चित्र तसंच होतं आणि त्याच्यावर, कपाळापासनं गालापर्यंत, पांढऱ्या अक्षरात एक ओळ, प्रत्येक अक्षराच्या मागं काळा ठोकळा. माझीच ओळ होती ती, फाइल सापडली नाही म्हणून सांगणारी. मुनीमानं जीएसटीचा पेनड्राइव्ह रात्रभर लावून ठेवला होता आणि माझ्या शहाण्या प्रोग्रॅमनं समोर जी पहिली डिस्क दिसली तिलाच घरची समजून तिच्यात विंडोज शोधलं. सापडलं नाही, म्हणून तसं लिहून दाखवलं. लिहिणाऱ्या यंत्रणेला खाली चित्र आहे हे माहीतच नसतं, ती आपली ठोकळे मांडत जाते. आणि चित्र जाणार कुठं? त्या पट्ट्यात एकदा आकडे गेले की ते तिथंच बसतात. फर्मवेअर आवरतं घेऊन निघून गेला तरी ते आकडे आपोआप जात नाहीत, दुसरं कोणीतरी येऊन त्याच जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत. विंडोज आलं असतं तर त्यानं आपलं लिहिलं असतं. ते आलंच नाही.

पेनड्राइव्ह काढा म्हणून सांगितलं, चालू झालं. मी फोन ठेवला तर आप्पा दारात उभे, दाढीचा साबण तसाच. सगळं ऐकलेलं. आणि असे हसले म्हणून सांगू, साबण शर्टावर. "म्हणून तर इचारलं हुतं. पुसायचं कोण!"

मग सोप्यात बसून त्यांनी सांगितलं. चौदाव्या वर्षी ते त्या धंद्यात गेले ते रंगवायला गेलेच नव्हते. पुसायला गेले होते. शुक्रवारी पिक्चर बदलायचं, कापड तेच, म्हणून गुरुवारी रात्री थिएटरचा शेवटचा खेळ सुरू झाला की बॅनर उतरवून त्याच्यावर सफेदा मारायचा. त्याची वेगळी मजुरी होती, आणि ती कोणी द्यायची ह्याच्यावरनं पेंटर आणि थिएटरवाला ह्यांची दर आठवड्याला भांडणं. पुसणारं पोरगं आलं नाही तर शुक्रवारी सकाळी नव्या हिरोइनच्या गालातनं जुना व्हिलन दिसायचा. सफेदा वरनं खाली मारत यायचा, ओघळ येतात म्हणून, त्यामुळं हिरोचं तोंड आधी जायचं आणि बूट शेवटपर्यंत राहायचे. "लई बुटं पुसल्यात मी," म्हणाले. मला विचारायचं होतं की वाईट नाही का वाटायचं. विचारलंही. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, वाईट कशाचं, रुपाया मिळायचा.

मी आणि बायको दोन दिवस ज्याच्यावर हळवे होऊन बसलो होतो ते हे. त्यांनी धंद्यातला प्रश्न धंद्यातल्या माणसाला विचारला होता. नाट्यगृहाच्या वेळचाही मग परत आठवून बघितला, पडदे कुठं ठेवले असतील. कदाचित तेवढंच विचारत होते. किंवा नसतीलही, ते मला अजून ठरवता येत नाही, त्या रात्री परतताना ते गाडीवर एकदाही बोलले नव्हते.

त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगला दांडी मारून कोड दुरुस्त केला. डिस्क नीट ओळखायची, आणि काहीही लिहायच्या आधी, कोणाच्याही हातात कारभार द्यायच्या आधी, स्क्रीनभर एक काळा चौकोन. एका ओळीचं काम. मी ती ओळ चित्र काढणाऱ्या भागातच टाकत होतो, आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "ज्यानं काढलंय त्यानं पुसू नये. हात जड हुतोय. ते पोराला लावायचं." म्हणून वेगळं फंक्शन केलं. त्याचं नाव ठेवलंय 'पोरगा'. हा कोड कधी दुसऱ्या कोणी वाचला तर बसेल डोकं खाजवत.

दिवाळीच्या आधी, नव्या गुळाचे सौदे निघायच्या आठवड्यात, शेठनी दुकानाचा फ्लेक्स बदलायला काढला. मी पीसीवर नवा कोड टाकायला गेलो होतो, आप्पाही आले, बऱ्याच दिवसांत यार्डाकडं फिरकलो नाही म्हणाले. फ्लेक्सची चौकट खाली घेतली तर मागं पत्रा. आप्पांचा बोर्ड. फ्लेक्स आला तेव्हा तो काढायची तसदी कोणी घेतलीच नव्हती, सरळ त्याच्यावर चौकट ठोकलेली. धूळ, कोळ्याची जाळी, स्क्रूची चार भोकं, पण मागचा लाल रंग अजून ओला असल्यासारखा, आणि पिवळ्या अक्षरात 'गूळ'. फ्लेक्सवाला पोरगा शिडीवर चढून विचारतोय, पत्रा काढू का ह्याच्यावरच मारू. शेठ काही बोलेनात. आप्पा पुढं गेले, चष्मा कपाळावर ढकलला, मान मागं टाकून बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी येणार.

"ळ चुकलाय," म्हणाले. "पोट आत गेलंय त्याचं. तवाच शेठला म्हणालो हुतो, वाळू दे, उद्या येऊन नीट करतो."

"मग करा की आता," शेठ म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि घरातला डबा कुठल्या कपाटावर आहे ते सांगायला लागले. पोरगा तसाच शिडीवर, हातात ड्रिल.